सात फुटांची टफन काच पावणेसात फुटांच्या दारात कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याजवळच्या गावात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. अमरावतीत एक शोरूम बंद झालं, त्याच्या दाराची 12 एमएमची काच तुम्हाला स्वस्तात मिळाली. काच 3 फूट बाय 7 फूट, आणि तुमच्या दाराचा गाळा, म्हणजे भिंतीतली दाराची मोकळी जागा, 2 फूट 10 इंच बाय 6 फूट 9 इंच. घरी ग्राइंडर आहे, डायमंड चाक आणून ठेवलंय, आणि हार्डवेअरवाल्यानं सांगितलंय की पाण्याची धार सोडून सावकाश कापली की टफन काचही कापते. ती खरंच कापते का, आणि घरी जमत नसेल तर कारंजा-यवतमाळकडे कोणी कापून देईल का, हे तुम्हाला हवंय.

काच खरोखर टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असेल तर कापत नाही. घरी नाही, माझ्या दुकानात नाही, नागपूरच्या मोठ्या प्लांटमध्येही नाही. मी 1994 पासून कारंज्यात काचेचं काम करतोय, त्याआधी अकोल्यात एका उस्तादांकडे चार वर्षं हाताखाली होतो. कापलेली टफन काच मी अजून पाहिली नाही. कापायला घेतलेली मात्र बऱ्याच वेळा पाहिली, आणि ती दर वेळी सुपात भरून न्यावी लागली.

तरी ग्राइंडर आत ठेवण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: काच टफन आहे की नाही. जुन्या मालात सगळं सरमिसळ असतं. दाराची 12 एमएम काच म्हणजे शंभरात नव्वद वेळा टफनच, पण मी जुन्या दुकानांतून साधी 12 एमएम काढलेलीही आहे, आणि तशी असेल तर तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे.

आधी चारही कोपरे ओल्या फडक्यानं पुसून शिक्का शोधा. बोटाच्या पेराएवढा पांढुरका, खरखरीत छाप असतो. त्यात कंपनीचं चिन्ह, कधी आयएस 2553 हा मानकाचा आकडा असतो. शिक्का असला की विषय संपला. नसला तर मात्र संपत नाही, कारण पुष्कळ गिऱ्हाईक ‘शिक्का नको, दिसायला वाईट दिसतो’ म्हणून प्लांटला तसं सांगतात. मग कड बघा. उस्ताद काच हातात आली की पहिल्यांदा कडेवरून नख फिरवायचे. कड कच्ची, धारदार, जशी हिऱ्यानं, म्हणजे काच कापायच्या कलमानं, तोडली तशीच असेल तर ती टफन नसते, कारण कड घासल्याशिवाय काच भट्टीत घालत नाहीत. कड गुळगुळीत असेल तर मात्र काहीच ठरत नाही, साधी काचही पॉलिश करून बसवतात. पॅच फिटिंगसाठी, म्हणजे दार धरणाऱ्या धातूच्या पकडींसाठी, कोपऱ्यांत खाचा आणि कुलपाचं भोक असेल तर टफनकडे वजन जातं.

शेवटची खूण माझी आवडती. पोलराइज्ड गॉगल कुणाकडे तरी असतोच, गाडी चालवणाऱ्या पोट्ट्यांकडे तर हमखास. लॅपटॉपवर पांढरा पडदा लावून लॅपटॉप काचेच्या मागे ठेवा, पुढून गॉगल लावून बघा आणि मान हळूहळू तिरपी करा. टफन काचेत काळपट-निळसर ठिपके किंवा पट्टे एका रांगेत दिसतात. भट्टीतून निघाल्यावर हवेचे झोत जिथे जिथे बसले त्यांची ती नक्षी असते. साध्या काचेत असं काही दिसत नाही. पटत नसेल तर सकाळच्या उन्हात उभ्या कारच्या मागच्या काचेकडे तोच गॉगल लावून बघा. तीही टफनच असते, तेच ठिपके दिसतील.

आता ती कापत का नाही ते सांगतो, कारण कारण कळलं नाही तर उद्या दुसरा कुणी तरी येऊन दुसरी युक्ती सांगेल आणि तुम्ही तीही करून बघाल.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय ना? लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवतात, चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि सगळं लाकूड आवळून धरतं. चाक मजबूत होतं ते त्या आवळण्यानं. टफन काचेत तसंच आहे, फक्त धाव बाहेर नसते, ती पोटात असते. काच भट्टीत 620 अंशांच्या वर तापवतात आणि बाहेर काढून दोन्ही बाजूंनी जोरात गार हवा मारतात. बाहेरची कातडी आधी थिजते. पोट अजून मऊ आणि गरम. मग पोट गार होत आकसायला लागतं, पण कातडी आता हलत नाही. म्हणून पोट कातडीला आत ओढत राहतं, आणि ते ओढणं काच फुटेपर्यंत संपत नाही. कातडी दाबात, पोट ताणात. काच फुटते ती कातडीवर बारीक तडा उघडला की. इथे कातडी दाबलेली, म्हणून तडा सहज उघडत नाही, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सहन करते.

आता धाव कापली तर चाकाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. 12 एमएमच्या काचेत प्रत्येक बाजूची दाबातली कातडी साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे जेमतेम अडीच एमएम. चाक त्याच्या आत उतरलं की ताणलेल्या पोटाला हात लागला. तिथून तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरच्या वेगानं सगळीकडे पळतो आणि फाटे फुटत जातो. तुमची सात फुटांची काच पापणी लवण्याआधी खडीसाखर होईल. तुम्ही ग्राइंडर कितीही हळू चालवा, किती का पाणी सोडा, त्याला फरक पडत नाही, कारण ताण चाकानं आणलेला नसून काचेतच भरलेला आहे.

पाण्याची गोष्ट कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. पातळ साधी काच पाण्यात बुडवून जाड कात्रीनं कुरतडता येते. हे खरं आहे, उस्तादांनी आम्हा पोट्ट्यांना एकदा बादलीत करून दाखवलं होतं. कड वेडीवाकडी येते, पण गोल आकार निघतो. ते बघणाऱ्याला वाटतं पाण्यात काच नरम होते. काच नरम होत नाही. उलट पाणी तड्याच्या टोकाशी शिरलं की तो पुढे सरकायला सोपा होतो, म्हणून कात्रीनं बारीक बारीक टवका निघतो. टफन काचेत तडा सोपा करून देणं म्हणजे तुमचं नुकसान लवकर करणं. पाण्याच्या जोरदार धारेनं कापणाऱ्या वॉटरजेट मशीनचंही तसंच. ते साधी काच सुंदर कापतं, टफन फोडतं.

‘पण माझ्या मावसभावानं टफन काचेवर हिरा मारला होता, तिला काही झालं नाही’ असं सांगणाराही एक असतोच. झालं असेल तसं. हिऱ्याची रेघ कातडीच्या दाबात अडकून राहते, पुढे जात नाही, म्हणून काच तुटतही नाही आणि फुटतही नाही. पण ती काच आता कधी फुटेल याचा नेम नाही. मंगरूळपीरकडचा एक गिऱ्हाईक टेबलाची 10 एमएम काच घेऊन आला होता, घरच्या कुणी तरी आधीच एक लांब रेघ मारून ठेवलेली. मी म्हटलं, बापा, ही परत ने आणि ओसरीवर ठेवू नको. त्याने ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. आठ-दहा दिवसांनी भर दुपारी फोन: “मामा, काहून फुटली? म्या तं हातबी नाही लावला!” गाईच्या खुरात खडा गेला नाही हे नशीब. त्यानंतर सडा टाकताना शेणातून काचा निघत राहिल्या, पोळ्यापर्यंत.

हात न लावता फुटणाऱ्या काचेचा आणखी एक प्रकार आहे. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहून जातो, काही वर्षांत तो हळूहळू फुगतो, आणि पोटाच्या ताणातच बसलेला असेल तर मध्यरात्री काच स्वतःहून उडते. एका गावात असं झालं तेव्हा लोक भानामती म्हणत होते. फुटल्या जागी दोन जरा मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे एकमेकांना चिकटून पडले होते, तिथूनच सुरुवात झालेली असते. मोठे प्लांट यावर उपाय म्हणून तयार काच परत सुमारे 290 अंशांवर काही तास ठेवतात, फुटायची ती तिथेच फुटते. तुमची काच काही वर्षं शोरूममध्ये टिकलेली आहे, त्यामुळे या बाबतीत तुम्ही नव्या काचेपेक्षा बरे आहात.

कोणी तुम्हाला असंही सांगेल की काच भट्टीत तापवून हळूहळू गार केली की टफनपणा निघून जातो आणि मग कापता येते. हे मात्र खरं आहे. साडेपाचशे अंशांच्या आसपास नेऊन तासन्‌तास सावकाश उतरवली तर पोटाचा ताण सुटतो. पण सात फुटांची काच सपाट झोपवता येईल अशी भट्टी आपल्याकडे कुणाकडे आहे? आणि असली तरी उरेल काय, तर साधी काच. दारात साधी 12 एमएम म्हणजे फुटली की कोयत्यासारखे उभे तुकडे. 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये काचेवर वेगळा विभाग आहे, आणि माणूस धडकू शकतो अशा जागी सेफ्टी काचच हवी, हा त्यातला मुख्य आग्रह. तुमच्या दुकानात पेरणीच्या दिवसांत खांद्यावर बियाण्याची पिशवी घेतलेले लोक वळतात, मागे बघत नाहीत.

तर आता तुमच्या दाराकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. काच मोठी आहे हे तुम्ही अडचण म्हणून सांगताय. गाळ्याच्या आत बसवायची ठरवलं तरच ती अडचण. तीच काच गाळ्यात न घालता, दुकानाच्या आतल्या बाजूनं भिंतीवर रूळ लावून सरकत्या दारासारखी टांगली तर ती गाळ्यापेक्षा मोठीच लागते. उंचीला तीन इंच जास्त आहे, ते वर भिंतीवर चढेल. रुंदीला दोन इंच जास्त, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच. मला दीड-दोन इंच आवडतात, पण शटर बाहेर असेल तर एकावर भागतं.

हे जमेल की नाही हे तीन गोष्टींवर आहे. दाराच्या एका बाजूला सलग तीन फूट मोकळी भिंत हवी. तिथे खताची थप्पी किंवा औषधांचं रॅक असेल तर आधी ते हलवा. दुसरं, रूळ कशात ठोकणार? काचेचं वजन बघा: दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीला अडीच किलो. तुमची काच 1.95 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 58 किलो, आणि ती दिवसाला शंभर वेळा इकडून तिकडे जाणार. लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या तुळईच्या, काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट बसले तर उत्तम, पक्क्या विटेतही चालेल. भिंत जुनी मातीची, वरून सिमेंटचा गिलावा असेल तर अजिबात नको. अशा ठिकाणी मी लोखंडी चौकट जमिनीपासून उभी करतो आणि रूळ तिच्यावर घेतो. तिसरं, काचेला जुनी भोकं आणि खाचा कुठे आहेत. भोक नवीन पाडता येत नाही, ते कापण्याइतकंच अशक्य. म्हणून भोक न लागणारे, काच चिमटीत धरणारे क्लॅम्पचे रोलर घ्या आणि खाचांपासून लांब बसवा. जोडी 100 किलोची मागा, 60 ची दिली तर घेऊ नका. क्लॅम्प आणि काचेच्या मधे रबर हवंच. लोखंड थेट काचेला, विशेषतः कडेला लागलं की एक दिवस ती जाते. टफन काच मधोमध हातोडीचा फटका सहन करील आणि कोपऱ्यावर फरशीच्या टोकानं फुटेल.

दुसरा रस्ता गाळाच मोठा करायचा. रुंदीचे दोन इंच गिलावा आणि थोडी वीट काढून निघतील. उंचीचे तीन इंच वर मिळवायचे म्हणाल तर लिंटेलला हात लावू नका. खाली मुरुमाची भर आणि फरशी जाड असेल तर उंबरठा उतरवता येतो, पण पावसाचं पाणी आत यायला लागलं तर मला शिव्या देऊ नका.

आणि तिसरा रस्ता म्हणजे ही काच विकून नवीन मापाची करून घेणं. 3 बाय 7 हे चालतं माप आहे, गिऱ्हाईक मिळतं. नवीन करताना क्रम असा असतो: साधी काच मापाला कापायची, कडा घासायच्या, भोकं-खाचा पाडायच्या, आणि सगळ्यात शेवटी भट्टी. एकदा भट्टीत गेली की मापात एक सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, बदल नाही. म्हणून सगळा खेळ मापाचा.

इथे मी स्वतः आपटलोय, ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या दाराचं माप मी मे महिन्यात घेतलं. तेही वर एकदाच, घाईत. काच आली ऑगस्टमध्ये. गाळा खाली चार सुतांनी आवळलेला. मला वाटलं मीच चुकीचं वाचलं, वही काढून पाहिली, आकडा बरोबर होता. चुकलं होतं ते आपल्या काळ्या मातीचं गणित. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि पाया उथळ असेल तर भिंती तिच्यासोबत हलतात. घराघरातली लाकडी दारं पावसाळ्यात अडकतात ती नुसती लाकूड फुगून नाही. लाकडी दार रंधा मारून बसवता येतं. मी ती काच गोणपाटात गुंडाळून परत आणली आणि दुसरी माझ्या पैशानं करून दिली. पहिली अजून दुकानात मागच्या भिंतीला आहे, तिच्यावर मी आता हिशोब लिहितो.

तेव्हापासून रुंदी तीन ठिकाणी मोजतो, वर, मधे, खाली. उंची दोन्ही बाजूंना. दोन्ही कर्ण मोजतो, त्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर गवंड्याला आधी बोलवतो. सगळ्यात लहान आकडा धरतो. फ्लोअर स्प्रिंगच्या, म्हणजे फरशीतल्या स्प्रिंगवर फिरणाऱ्या, दाराला वर एक सूत आणि खाली तीन सूत मोकळं सोडतात, मी काळ्या मातीवर बाजूलाही एक सूत जास्त सोडतो. फट दिसते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, रबर लावून देतो.

काच टफन नाही असं निघालं तर? साधी असेल तर माझ्याकडे किंवा दारव्ह्यातल्या कुणाही काचवाल्याकडे कापून होईल, पण वर सांगितलं त्या कारणासाठी दारात बसवू नका, रॅकच्या फळ्या करा. रेघ एकदाच, एका दाबानं, रॉकेलचं बोट फिरवून, आणि रेघ मारली की लगेच तोडायची. शिळी रेघ भरकटते. दोन काचांच्या मधे पारदर्शक पापुद्रा असेल, कडेकडून बघितलं की रेघ दिसते, तर ती लॅमिनेटेड. तिच्या दोन्ही काचा साध्या असतील तर दोन्ही बाजूंनी रेघ मारून, तोडून, पापुद्रा गरम करून पात्यानं कापता येतो. हा पापुद्रा सोडवायला काही जण स्पिरिट ओतून काडी लावतात. तुमच्या दुकानात औषधं आहेत, तिथे तसलं काही करू देऊ नका.

मोबाइलवर लावतात त्या ‘टेम्पर्ड’ काचेचंही तुम्ही शेवटी विचारलंय. तिला हवेचे झोत मारत नाहीत, पोटॅशियमच्या वितळलेल्या गरम क्षारात बुडवून कातडी दाबात आणतात. मोठी असेल तर कापत बसू नका, दुसरी घ्या.

आणि समजा हे सगळं वाचूनही काच फुटली, हलवताना का होईना, तर लोक सांगतात तेवढे ते खडे निरुपद्रवी नसतात. सुट्टे खडे सौम्य, पण दहा-वीस एकमेकांना चिकटलेले ढेकूळ वरून पडलं तर डोकं फोडतं, आणि फुटताना उडणारा बारीक चुरा डोळ्यात जातो. हलवताना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट. चप्पल नको. चार माणसं हवीत. झाडून झालं की रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवी धरा. राहिलेला प्रत्येक खडा चमकतो. मी दोनदा करतो, दुसऱ्यांदा पण निघतात.

आता एवढं आजच करा. तुम्ही लिहिलंय की काच सध्या कापसाच्या खोलीत फरशीवर उभी टेकवून ठेवलीय. तिचा खालचा कोपरा थेट फरशीवर असेल. दोन लाकडी पट्ट्या, वर गोणपाट, त्यावर काच सरळ उभी करा, भिंतीला किंचित तिरपी, आणि पोरं तिकडे क्रिकेट खेळत असतील तर खोलीला कडी लावा. मग चार कोपऱ्यांचे, कडेचे आणि दाराशेजारच्या भिंतीचे फोटो टाका. भिंतीवर टिचकी मारून कसा आवाज येतो तेही लिहा, त्यावरून रूळ कुठे ठोकायचा ते सांगतो.